दीक्षाच्या मालिकेतली आई

६ जानेवारी, सोमवार

आज मालिकेत परत तानूबाईनं लेकीला झापलं. लेक नोकरीसाठी पुण्याला जाते म्हणाली तर ही म्हणते कशी — "शिकून शहाणी झालीस, आता आम्हाला शिकव." शेजारची निशिगंधा बघायला आलती. टीव्हीकडं बघून कडाकडा बोटं मोडली तिनं. "काकू, असली आई वैऱ्यालाबी नको." मी शेंगा सोलत होते, सोलत राहिले.

तिला माहीत हाय, मालिका आमची दीक्षा लिहिते. गोष्ट कुठल्या तरी जुन्या कादंबरीतली, बोलणं दीक्षाचं. सुरुवातीला नावं येतात त्यात येतं — संवाद : दीक्षा बाबासो. बापाचं नाव लावलंय पोरीनं. ते बघायला हे पायजे होते. मी रोज त्या नावासाठी आठच्या आधीच टीव्ही लावून बसते.

८ जानेवारी, बुधवार

दीक्षाचा मेसेज. "बरी आहे. तू?" मी लिहिलं, बरी हाय. झालं महिन्याचं बोलणं.

९ जानेवारी, गुरुवार

निशिगंधानं मोबाईलवर दाखवलं, भाग झाला की खाली लोक मतं लिहितात. मला वाटलं चारदोन असतील. वाचता वाचता भाजी करपली.

"कादंबरीची पार वाट लावली." त्याच्याखाली कुणीतरी — "आधी कादंबरी वाचा, त्यात ही बाई अजून खडूस हाय." एकीनं लिहिलंय, माझी सासू शेम टू शेम. एकजण म्हणतो, तानूबाईला मारून टाका, मग मालिका बघण्यासारखी होईल. आणि एकानं लिहिलंय — "बाई हाय का एसटीचा भोंगा?" त्यावर सगळे हसलेत.

ते मात्र लागलं. माझी सगळी नोकरी एसटीत गेली, कंडक्टर म्हणून. कोडोलीची गाडी, बाजारचा दिवस, दारापर्यंत माणसं. मागच्या माणसाला ऐकू जायला आवाज लागतोच. घरी आल्यावर तो कुठं काढून ठेवायचा? हे म्हणायचे, "अगं, हितं मी एकटाच पॅसेंजर हाय." दीक्षा तेव्हा हसायची. आता तिनं तानूबाईला तोच आवाज दिलाय असं मला पहिल्या भागापासनं वाटतंय. निशिगंधाला बोलले न्हाय.

१२ जानेवारी, रविवार

मालिका न्हाय. फुटबॉलची मॅच, अख्खी शिवाजी पेठ स्टेडियमवर. दुपारभर गल्लीत चिटपाखरू न्हाय. संध्याकाळी फटाके वाजले म्हणजे आपल्या पेठेचं मंडळ जिंकलं असणार. विचारायला कोण न्हवतं.

मला रविवार सोसत न्हाय.

१४ जानेवारी, मंगळवार

निशिगंधा तिळगूळ देऊन गेली. "गोड बोला काकू" म्हणाली. कुणाशी बोलू ते सांगितलं न्हाय.

१६ जानेवारी, गुरुवार

आज लिहायचं न्हवतं. तरी लिहिते.

आजच्या भागात तानूबाईच्या घरी कार्य. पंगत बसलेली. लेक उशिरा येते, दारात उभी राहते. सगळे बघतात. आणि तानूबाई ताट वाढता वाढता म्हणते — "आता आलीसच तर जेवून जा, पावण्यागत."

माझं वाक्य! शब्द न शब्द माझा.

गेल्या मार्चमध्ये हे गेले, त्यांचं पुण्यानुमोदन. वंदना झाली, भंतेजी गेले, ह्यांच्या गावची, कोडोलीची माणसं जेवायला बसली तरी दीक्षाचा पत्ता न्हाय. बापाच्या कार्याला लेक न्हाय! मग आली, खांद्याला बॅग, म्हणाली शूटिंग अडलं होतं, रात्रभर लिहीत बसले. मी आमटी वाढत होते. तिथंच बोलले हे. सगळ्यांच्या देखत. तिनं बॅग खाली ठेवली न्हाय. पाण्याचा तांब्यापण घेतला न्हाय, तशीच स्टँडला गेली. तवापासनं घरी आली न्हाय, फोन न्हाय. फक्त ते "बरी आहे. तू?"

मी वाट बघत होते, भांडेल तरी. भांडली असती तर मीबी भांडले असते आणि मोकळे झालो असतो. तर हिनं काय केलं — मला सोडून सगळ्या महाराष्ट्राला सांगितलं. मी काय, आठची करमणूक?

१७ जानेवारी, शुक्रवार

त्या भागाखाली लोकांनी तानूबाईला नुसतं धुऊन काढलंय. "आई हाय का कसाई." "असल्या बायांना म्हातारपणी कुणी पाणी पाजू नये." दुपारपासनं वाचतच बसले. उठून पाणी प्यावं एवढं सुचलं न्हाय.

शेवटी मीच लिहिलं. खऱ्या नावानं. "ही मालिका लिहिणाऱ्या दीक्षाची मी आई. तानूबाई म्हणजे मीच. हे वाक्य माझ्या घरात बोललेलं हाय. तिच्या वडलांच्या पुण्यानुमोदनाला ती उशिरा आली म्हणून बोलले. आता तुम्हीच सांगा, कुणाचं चुकलं?"

पाठवलं आणि बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी भाकरी पोटभर खाल्ली.

१८ जानेवारी, शनिवार

लोक माझ्या बाजूनं! "आई, तुमचं काय चुकलं न्हाय." "आई, आम्ही तुमची लेकरं." सकाळपासनं मोबाईल खाली ठेवला न्हाय. एवढ्या जणांनी आई म्हटलं आज.

दुपारी कोडोलीहून संग्राम भाऊजींचा फोन. ह्यांचे धाकटे भाऊ. "वहिनी, तुम्ही लिहिलेलं गावात सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतंय की. घरातलं असं चव्हाट्यावर कशाला?" मी म्हटलं, मी न्हाय, तुमच्या पुतणीनं आणलं. त्यांनी फोन ठेवला.

२० जानेवारी, सोमवार

आता दीक्षाला शिव्या देतायत. तिचा फोटो कुठनं काढला देव जाणे. "आईला विकून खाणारी." "बापाच्या कार्याला न जाणारी काय संस्कार दाखवणार?" आणि असलं काय काय, ते मी हितं उतरणार न्हाय. मी खाली लिहिलं, माझ्या पोरीला असं बोलू नका. कुणी वाचलं न्हाय. एकानं तर मलाच सांगितलं, आई, तुम्ही लई भोळ्या.

निशिगंधाला म्हटलं, माझं लिहिलेलं पुसून टाक गं. तिनं पुसलं. म्हणाली, "पण काकू, लोकांनी त्याचे फोटो काढून ठेवलेत. ते कसं पुसायचं?"

दीक्षाला फोन लावला. उचलला न्हाय. परत लावला. मग मेसेज केला, बरी हाईस का. त्याचंबी उत्तर न्हाय.

२३ जानेवारी, गुरुवार

निशिगंधा आली न्हाय. गल्लीत भेटली तर घाईत हाय म्हणाली.

२७ जानेवारी, सोमवार

आठला टीव्ही लावला. संवाद म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव आलं. वाटलं नजर चुकली. मोबाईलवर परत लावून बघितलं. न्हाय. पोरीचंबी न्हाय, ह्यांचंबी न्हाय. तानूबाई काय काय बोलत होती, मला एक अक्षर ऐकू आलं न्हाय.

२८ जानेवारी, मंगळवार

दीक्षाचा फोन आला. ओरडली न्हाय, रडलीपण न्हाय. म्हणाली, "आई, ते वाक्य कादंबरीतलं हाय. मी जन्मायच्या आधीचं. मालिकावाले तसंच ठेवा म्हणाले, मी ठेवलं. लिहिताना हात जड झाला, एवढंच." मग म्हणाली, "तू त्या दिवशी मला काय बोललीस ते मी कुणाला सांगितलं न्हवतं, आई. कुणालाच."