बाभळीची गिटार

३१ जानेवारी २००५, सोमवार
आजपासून रोजनिशी. कलावंताच्या रोजनिशीला पुढे किंमत येते. पाटसच्या कारखान्यात काट्यावर बसून उसाच्या ट्रॅक्टरांची वजनं लिहिणारा बिरदेव आज संपला.
शनिवारी पुण्यात इंग्रजी पिक्चर पाहिला. रॉक गायकाचा. पितो, भांडतो, बायको सोडून जाते, शेवटच्या शोमध्ये गिटार फोडतो आणि स्टेजवरच मरतो. माझे डोळे भरून आले. थिएटरात आणखी नऊ जण होते, त्यातले दोन घोरत होते. लोकांना कशाचीच जाण नाही. वीट आला या लोकांचा.
संकल्प : असाच पिक्चर मराठीत. नाव ‘जळती गिटार’. लेखक, डायरेक्टर, हीरो, गायक मीच. हीरोचं नाव जॅक.

३ फेब्रुवारी, गुरुवार
कॅमेरामन मिळाला. दौंडचा शंभू. लग्नाच्या शूटिंगचा बारा वर्षांचा अनुभव. सगळी स्टोरी शांतपणे ऐकली आणि विचारलं, हीरो मरतोय म्हंजी अक्षता कवा पडायच्या? शिसारी आली. पण कॅमेरा त्याचाच आहे.
कॅमेरा तो एकच दिवस देणार. २४ एप्रिल. पुढे लग्नसराई. आणि त्याच दिवशी वडगाव रासाईजवळ आमच्या वाडीवर बिरोबाची जत्रा! स्टेज तयार, माईक तयार, हजारभर पब्लिक फुकट. शेवटचा शो तिथेच घ्यायचा. तो जमला तर पिक्चर झाला. नाही जमला तर जन्मभर काटा.

९ फेब्रुवारी, बुधवार
भूमिका जगावी लागते. संकल्प : रोज एक क्वार्टर आणि एक पाकीट सिगारेट. फक्त भूमिकेसाठी. शूटिंग झालं की त्याच मिनिटाला बंद.
बायकोला, म्हणजे धनश्रीला, समजावलं की याला इंग्रजीत मेथड म्हणतात. म्हणाली, तुमच्या थोरल्या चुलत्याची बी हीच मेथड हुती. गेल्या साली वारलं.
घरात कलेची कदर शून्य.

१० फेब्रुवारी
डोकं ठणकतंय. जॅकचंही ठणकायचं. म्हणजे प्रगती आहे.

२० फेब्रुवारी, रविवार
आबा वाडीवरून आले. माझे वडील, तात्याबा. मेंढरं विकून पंधरा वर्षं झाली, तरी रस्त्याने चालतात ते कळप पुढे असल्यासारखे. माझा रियाज ऐकून म्हणाले, बिरू, नरडं बसलंय तुझं, जेष्ठमध चघळ. मी म्हणालो, आबा, याला रॉक म्हणतात. म्हणाले, व्हय का, आणि दारात जाऊन बसले.
थोड्या वेळाने एक हात कानावर ठेवून धनगरी ओवी सुरू. लगेच गल्लीतली सात-आठ टाळकी जमली. माझ्या रियाजाला कुत्रंसुद्धा थांबलं नव्हतं. बिरोबाच्या स्मरणाचं तेच सुंबरान, तोच घोंगड्याचा वास. लहानपणी हे ऐकल्याशिवाय मला झोप यायची नाही, ते सोडा. असल्या आवाजाला मार्केट नाही. किळस येते.

६ मार्च, रविवार
जॅक हॉटेलात प्लेटा फोडतो. प्रॅक्टिस केली. आमच्याकडे सगळं स्टील. ताट भिंतीवर हाणलं, त्याला पोचा आला आणि गरगरत मोरीत गेलं. धनश्रीने ते धुतलं आणि त्यातच मला वाढलं. पोच्यात आमटी साचते. भाकरी कुस्करायला सोयीचं आहे, पण अपमान तो अपमान.

१९ मार्च, शनिवार
सीझन संपला. काटा बंद. आता पूर्णवेळ कला. संकल्प : आठवड्यात सहा गाणी.

२६ मार्च, शनिवार
अर्धं गाणं झालं. ‘वेदना’ला जुळणारा शब्द सापडेना म्हणून दोन क्वार्टर लागल्या. सापडला. ‘चेतना’. आज शुद्धीत वाचलं आणि ओकारी आली.
धनश्री अंकिताला घेऊन माहेरी कासुर्डीला गेली. अंकिता, म्हणजे आमची मुलगी, दुसरीत आहे. तिने वर्गात निबंध लिहिला, माझे बाबा जॅक आहेत. बाईंनी बोलावून घेतलं होतं म्हणे. जाताना धनश्री म्हणाली, जॅक गेला की कळवा, मग येते.
जॅकचीही बायको जाते! स्क्रिप्ट आपोआप घडतंय.

२८ मार्च
घर फार शांत आहे. आमटी खारट झाली. मीच केली होती. पोच्याच्या ताटात जेवलो.

५ एप्रिल, मंगळवार
दौंडच्या रेल्वे कॉलनीतून गिटार उसनी आणली. मालक म्हणाले, वडिलांची आठवण आहे, ओरखडा नको. मग फोडायची काय? डोकं लढवलं. वाडीच्या भैरू सुताराला फोटो दिला. हुबेहूब अशी कर म्हणालो.
आवाज बसलाय. खालचा सा लावला की नुसती हवा येते. हवेतही दर्द आहे.

१८ एप्रिल, सोमवार
भैरूची गिटार आली. आकार, पॉलिश फर्स्टक्लास. उचलताना खांदा भरून आला. भैरू छाती फुगवून म्हणाला, अस्सल बाभूळ हाय, नांगराला घालतो ती. तुमचा नातू बी हीच वाजवंल.
फोडायची आहे हे त्याला सांगायचं राहिलं होतं. हरकत नाही. अभिनयात जोर असला की लाकूड काय करणार?

२३ एप्रिल, शनिवार
उद्यापासून दारू बंद. आजची शेवटची. दोन्ही क्वार्टर.

२४ एप्रिल, रविवार, सकाळी ११
वाडीवर पोचलो. ऊन मी म्हणतंय. धीर यावा म्हणून एक घेतली. ही औषधात धरायची.

२६ एप्रिल, मंगळवार
पडून लिहितोय. कपाळाला चार टाके.
चार वाजता स्टेजवर चढलो. शंभूने कॅमेरा लावला. ढोल चालूच ठेवायला सांगितले, ड्रम म्हणून. माईक धरला, डोळे मिटले, तोंड उघडलं. हवा. पुन्हा उघडलं. पुन्हा हवा.
ठीक आहे, म्हटलं, जॅक आवाजावर अवलंबून नाही. तीन महिने वाढवलेले केस मोकळे सोडले आणि मान गरागरा फिरवली. तेवढ्यात भंडाऱ्याची पहिली मूठ तोंडावर. आमची चुलती भामाबाई किंचाळली, बिरूच्या अंगात आलं गंऽऽ!
ढोल वाढले. आमच्याकडे केस सोडलेला माणूस ढोलावर घुमतो तो एकाच कारणाने, हे मला आधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. औषध.
सरळ क्लायमॅक्सवर गेलो. गिटार दोन्ही हातांनी डोक्यावर नेली आणि स्टेजवर आपटली. स्टेजची फळी फुटली. गिटारला चरासुद्धा नाही. उसळली ती माझ्या कपाळावर.
रक्त आलं. हजार माणसं हात जोडून मटकन खाली बसली. भामाबाई पायांवर पडून विचारू लागली, देवा, बोरला पाणी कवा लागंल? मी जीव तोडून सांगत होतो की मी देव नाही, जॅक आहे. आवाज नसल्यामुळे ते देवाचं पुटपुटणं ठरलं. कुणीतरी लिंबू कापलं.
मग आबा स्टेजवर आलेले दिसले. पुढचं आठवत नाही. शंभूचा कॅमेरा चालू होता म्हणे. अस्सल फुटेज असणार. अजून आशा आहे.

१५ मे, रविवार
शंभूने सीडी पाठवली. कव्हरवर आबा. नाव : ‘बिरोबाच्या ओव्या – तात्याबांच्या आवाजात’. शंभू म्हणतो, दौंडपासून शिरूरपर्यंत वाजतीय.
लावली. एकट्याने पाहिली.
आबा बावीस मिनिटं गातात. अंगातला देव शांत करायला आमच्यात ओवीच म्हणतात. एक हात कानावर. दुसऱ्या हातात माझी कॉलर. मी फुटलेल्या फळीच्या भोकाशी लोंबकळतोय, लाळ गळतेय, तोंड हलतंय. तोंडाकडे नीट पाहिलं. ओवीच म्हणतोय मी. सगळे शब्द बरोबर. आवाज त्यांचा. एकदाही त्यांनी कॉलर सोडली नाही, आणि माझ्याकडे पाहिलंही नाही.
या तीन महिन्यांत मला सगळ्यांची शिसारी आली. आज माझी आली.
शेवटी पाट्या येतात. गायक : तात्याबा. अंगात आलेले : बिरदेव.

१६ मे, सोमवार
केस कापले. ज्येष्ठमध आणलं. गिटार वाडीच्या देवळात आहे, तिला रोज भंडारा लागतो.
कासुर्डीला फोन केला. धनश्रीला माझा आवाजच ओळखू येईना. कोन बोलतंय, कोन बोलतंय, तीनदा म्हणाली. शेवटी कसंबसं सांगितलं, मी. जॅक गेला.
म्हणाली, सीडी बघितली आमी. या न्यायला, पर एकलं येऊ नगा. आबास्नी संगं आना. कॉलर त्यांनी धरलेलीच बरी.