पाचगणीला दोन तास

४ फेब्रु.
मैत्रीण सुमन येत नाही. गुडघा सुजलाय. सहल दोघींच्या नावानं होती. महाबळेश्वर, प्रतापगड, पाचगणी. सहलीच्या ऑफिसातला माणूस, "मॅडम, एकट्याच येणार?" हो म्हणाले. तीस वर्षं भूगोल शिकवला, सह्याद्री फक्त फळ्यावर काढला. पण खरं कारण ते नाही. पत्रकातली शेवटची ओळ. पाचगणी, दोन तास. शिवू तिथं राहतो. माझा धाकटा भाऊ. आई गेल्यापासून अकरा वर्षं बोलणं नाही.

७ फेब्रु.
सकाळी सोलापुरातून निघालो. मोहोळला चहा. सगळे जोडीनं, माझ्या शेजारची सीट रिकामी. कुंभारीच्या शांताबाईंनी तिथं आधी बोचकं ठेवलं, मग स्वतः बसल्या. मुलगा-सून मागं. मेंढरं दिराकडं सोपवून आल्यात.
"तुमी एकट्याच हाय व्हय? घरी कोन न्हाय?"
"न्हाय," म्हणाले. त्यांच्यासारखंच तोंडातून आलं.

८ फेब्रु., महाबळेश्वर
जुन्या महाबळेश्वरचं देऊळ. गोमुखातून पाणी. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. मुलांकडून घोकून घ्यायचे. आज धारेखाली हात धरला, बधिर झाला.
मग आर्थरसीट. दरी इतकी खोल की शेजारी कुणीतरी हवं होतं, नुसतं "बघ" म्हणायला. एकीनं मोबाईल हातात दिला, "काकू, आमचा काढा की." सात जणांचा काढला. माझा राहिला.
शांताबाई दरीकडं बघून, "चारा लई हाय. पन मेंढरू घसरलं की गेलं."

९ फेब्रु.
प्रतापगड. पायऱ्यांवर दम लागला. भवानीच्या देवळात शांताबाईंनी माझ्याही नावाचं फूल वाहिलं. नंतर बुरुजावर बसलो. वारा फार. तिथं त्यांना सांगून टाकलं. आजवर कुणालाच नाही. शेवटच्या आठवड्यात आई तिच्या कन्नडात शिवूला बोलव म्हणत होती. मी कळवलं नाही. सहा वर्षं अंथरुणाशी मी, आणि तोंडात नाव त्याचं. तो आईची माती झाल्यावर पोचला. मी त्याला म्हणाले, तुला बोलवू नको असं आईच म्हणाली.
शांताबाईंनी वाऱ्यानं उडणारा पदर डोक्यावर ओढला. मग, "उद्या जावा. पन खरं सांगाया जावा. न्हायतर डोंगर बघा नि घरी चला."

१० फेब्रु., पाचगणी
बाकीचे टेबल लँडवर. मी विचारत विचारत शिवूच्या घरी. भावजय रेखानं दार उघडलं, ओळखायला वेळ लागला. "ते शाळेत कामावर आहेत. चारला येतील." बस साडेतीनला. पावणेचारला सहलवाल्याचा फोन, "मॅडम, सगळे खोळंबलेत."
"जा तुम्ही," म्हणाले. आवाज माझाच, पण... शांताबाईंनी मुलाला धाडून माझी बॅग बसमधून इथं पोचवली.
शिवू आला. केस सगळे पांढरे. "अक्का," एवढंच. बसायच्या आत सांगितलं. जसं घडलं तसं. सहा वर्षांचं काही बोलले नाही. रेखा चहा घेऊन आलेली, दारातच थांबली. तो तसाच पुन्हा चपला घालून गेला. जेवायलाही आला नाही.

११ फेब्रु.
सकाळी त्यानं गाडीवरून वाईच्या स्टँडवर सोडलं. पसरणी घाटात खाली धोमचं पाणी चमकत होतं. एसटीच्या खिडकीतून त्यानं पाण्याची बाटली दिली. एसटी सुटेपर्यंत उभा होता, दुसरीकडं बघत.

१५ फेब्रु., सोलापूर
सुमन विचारते, काय काय बघितलंस? गड, दरी, घोडे. सांगते. तिला वाटलं मजा आली. कुलूप काढून घरात आले की चप्पल काढल्याचाही आवाज होतो.

२० फेब्रु.
दुपारी फोन. शिवू. कशी आहेस वगैरे काही नाही.
"आई काय म्हणाली होती? नेमके शब्द सांग. कन्नड की मराठी?"
"कन्नड. 'शिवू बंदना?' म्हणायची. आला का, आला का. दार वाजलं की तेच."
मागं शाळेची घंटा, पोरांचा गलका. मग गलका थांबला. फोन त्यानं ठेवला नाही. मीही नाही.