विहिरीपर्यंतची वायर

किन्हीराजा, ५ फेब्रुवारी २०२५

चि. सुचितास आईचे भरभरून आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नको. फोन तुह्या बाबाजवळ राह्यते अन् हे त्याइच्यासमोर बोलता येत नाही. नव्या विहिरीवरची मोटर दुसऱ्यांदा जळली. विहिरीत पाणी आहे, पण मोटर कण्हत फिरते, गरम होते अन् जळते. जुन्या विहिरीचं पाणी अर्ध्या वांग्यालेही पुरत नाही. बाबा म्हणतात का नव्या विहिरीची जागा म्याच चुकीची दाखवली. आता म्हणतात, भाजीपाला सोडून पुण्याले कामाले जातो. मोटरमंदी नवी तार भरून आणल्यावर विनोद वायरमननं घरी मीटरजवळ लावली त मस्त चालली! मंग विहिरीवर तिले काय होते? तू आयटीआयमंदी विजेचंच शिकून राह्यली, तूच सांग.

तुही आई, गोजरा

वाशीम, १० फेब्रुवारी

ती. आईस सुचिताचा वाकून नमस्कार.

मले वायरचा संशय आहे. विनोददादाले मीटरजवळ अन् विहिरीवर व्होल्टेज मोजायले सांग. मोटर बंद असताना अन् चालू असताना. तू हात लावू नको, फक्त आकडे लिही.

तुही लाडकी, सुचिता

किन्हीराजा, १५ फेब्रुवारी

चि. सुचितास आशीर्वाद.

मीटरजवळ दोनशे पंचवीस. मोटर बंद असताना विहिरीवरही तेवढेच. चालू केली अन् विहिरीवर एकशे साठ! बंद केली, पुन्हा दोनशे पंचवीस. म्या विनोदले तीनदा करायले लावलं. मोटर मांगते तवाच वायर व्होल्टेज काहून खाते? हे समजल्याबिगर मले चैन नाही.

आई

वाशीम, २० फेब्रुवारी

ती. आईस नमस्कार.

हाच सवाल सरांनी वर्गात टाकला होता. वायर विजेले अडवते, पण वीज वाहत असली तरच. मोटर बंद, त वाहणं बंद. आपली वायर घरातल्या पंख्याची, बारीक; तीनशे मीटर जायचं अन् तेवढंच परत यायचं. पासष्ट व्होल्ट वाटेतच जातात, त्याची नुसती उष्णता होते. उरलेल्यात मोटर नीट फिरत नाही अन् तापते. जाड केबल पाहिजे. बाबाले लागेल असं बोलू नको, ती वायर त्याइनंच आणली होती.

तुहीच, सुचिता

किन्हीराजा, ४ मार्च

चि. सुचितास बाबाचे आशीर्वाद.

तुही चिठ्ठी म्या वाचली. तुही आई मले एक शब्द बोलली नाही. विहिरीवरून मीच तिले महिनाभर बोललो होतो. जाड केबल टाकली. मोटर चालू असताना दोनशे सात आले अन् पाणी वांग्याच्या शेवटच्या सऱ्यांपर्यंत पोचलं. तिथंच म्या तिले सांगतलं का जागा तुही बरोबर होती, वायर माही चुकली. तिनं फावड्यानं पुढच्या सरीचं तोंड उघडून दिलं.

पुण्याले जात नाही. शेजारच्या हेमसिंगचीही मोटर जळते; आज ती विनोदले घेऊन त्याच्या विहिरीवर आकडे पाहायले गेली. घरी चहा म्या केला. चांगला नाही झाला.

माया राहू दे.
तुहा बाबा, दौलतराव