भिंतीचा बॅलन्स

सावेडी, अहिल्यानगर
४ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
माधवचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि माझं फोनवरचं बोलणं घरभर ऐकू जातं, म्हणून हे पत्र.

सुहासने आणि यामिनी सूनबाईंनी हॉल सजवायला घेतला आहे. मोनिका नावाच्या बाई येतात. त्या भिंती पाडत नाहीत, नुसत्या वस्तू मांडतात. टीपॉयवर तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकं आली. वाचावीत म्हणून उघडली तर आत पानंच नाहीत, रिकामी खोकी. कोपऱ्यात बांबूची शिडी टेकवली आहे, पण वर माळा नाही. शिडीवर एक शाल टाकली आहे. परवा थंडी वाजली म्हणून मी ती घेतली, तर यामिनीने हळूच सांगितलं की बाबा, ती पांघरायची नाही. सोफ्यावर अकरा उशा आहेत. बसायच्या आधी त्या उचलायच्या आणि उठल्यावर मोबाईलमधला फोटो बघून पुन्हा तशाच लावायच्या. मी आता बहुतेक उभाच असतो.

हे सगळं मी चालवून घेईन. पण मोनिकाबाई म्हणतात, सुरेखाचा फोटो हॉलच्या रंगात बसत नाही, तो पॅसेजमध्ये वॉशिंग मशीनच्या वर लावू. अक्का, ती जाऊन दोन वर्षं झाली, पण सकाळचा चहा मी अजून तिच्यासमोर बसून घेतो. आता वॉशिंग मशीनपुढे स्टूल टाकून बसू का? मी नेहमीप्रमाणे गप्प राहिलो. काय करावं ते कळव.

लोभ आहे तसाच असू दे.
तुझा,
माधव

कोपरगाव
१० नोव्हेंबर २०२५

चि. माधवास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग तुझा राग आला. जिल्हा परिषदेत पस्तीस वर्षं लोकांचे अर्ज घेतलेस आणि स्वतःच्या घरात एक अर्ज करायची हिंमत नाही? बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही. सुरेखा होती तोवर तुझं सगळं बोलणं तीच बोलायची, म्हणून तुझी जीभ गंजली आहे. सुनेला सरळ सांग की फोटो हॉलमध्येच राहील. मात्र भांडू नकोस, पोर वाईट नाही.

इथे उसाच्या गाड्या सुरू झाल्या, रस्ता ओलांडायची सोय राहिली नाही. आमच्या ज्ञानेश्वरीने तुमच्या हॉलचा फोटो मोबाईलवर दाखवला. शिडी छान दिसते. तिचं करायचं काय, ते मात्र नातीलाही सांगता आलं नाही.

तब्येतीला जप, मायेत अंतर नको.
तुझी,
अक्का

सावेडी, अहिल्यानगर
२१ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

बोललो. फोटो हॉलमध्ये राहिला, पण कसा ते ऐक.

मोनिकाबाई म्हणाल्या, एकटा फोटो भिंतीला एका बाजूला ओढतो, जोडीला दुसरा हवा. मग माझा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो शोधला, तिच्या फोटोसारखा काळा-पांढरा करून तशाच फ्रेममध्ये शेजारी लावला. बाई चार पावलं मागे गेल्या, मान तिरकी केली आणि म्हणाल्या की एकाला चंदनाचा हार आणि दुसऱ्याला नाही, त्याने बॅलन्स जातो. त्यांच्या पिशवीत दुसरा हार होताच. सुहासचं लक्ष मोबाईलमध्ये होतं. यामिनीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

रागावू नकोस. नाही म्हटलं असतं तर सुरेखा पुन्हा वॉशिंग मशीनवर गेली असती. ती हॉलमध्ये राहावी म्हणून मी मेलो, एवढंच झालं. तब्येत उत्तम आहे. सकाळी आम्ही दोघं भिंतीवर असतो आणि मी खाली चहा घेतो.

तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
माधव

सावेडी, अहिल्यानगर
२ डिसेंबर २०२५

ती. आत्यांना,
यामिनीचा शि. सा. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. मोनिकाने आमच्या हॉलचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. रविवारी दुपारी बेल वाजली आणि दार बाबांनीच उघडलं. समोर त्यांच्या ऑफिसातले पारनेरचे काकासाहेब आणि मागे टेम्पोतून उतरलेले आठ जण, सगळे दारावर, म्हणजे दुखवट्याला आलेले. त्यांच्या मुलाने तो फोटो पाहिला होता. काकासाहेब बाबांकडे बघतच राहिले आणि विचारू लागले, की तुमी हाय तर मंग गेलं कोन? बाबा म्हणाले, कुणी नाही, आत या.

ते आत आले. सोफ्यावरच्या उशा कुठे ठेवाव्यात ते कळेना, म्हणून प्रत्येक जण एकेक उशी मांडीवर घेऊन बसला. चहा कुणी घेतला नाही. दारावर आलेली मानसं च्या घेत न्हाईत, असं काकासाहेबांनी मला समजावलं. जाताना बाबांना मिठी मारून रडले, पण रीत म्हणून 'येतो' न म्हणताच गेले.

बाबा त्या वेळी हसले. पण त्या दिवसापासून ते चहा स्वयंपाकघरात उभ्याने घेतात, हॉलमध्ये फिरकत नाहीत. सुहास म्हणतो, बाबांचा फोटो काढू आणि आईंचा पॅसेजमध्ये नेऊ, विषय संपला.

आत्या, तुम्हाला खरं सांगते. फोटो रंगात बसत नाही हे मोनिकाचं म्हणणं नव्हतं, मीच तिला तसं बोलायला लावलं. आईंनी सात वर्षांत मला उशीचा अभ्रासुद्धा माझ्या पसंतीचा घालू दिला नाही. आता कुठे हॉल माझा झाला, तर समोर त्या. काहीही मांडलं की त्यांची नापसंती जाणवते. मला बाबांना दुखवायचं नव्हतं. मी काय करू?

आशीर्वाद असू द्यावा.
आपली,
यामिनी

कोपरगाव
८ डिसेंबर २०२५

चि. सौ. यामिनीस,
अनेक आशीर्वाद.

खरं लिहिलंस, बरं वाटलं. सुरेखा तशीच होती. लग्न होऊन आमच्या घरी आली आणि आठ दिवसांत तिने माझ्या आईने विणलेला मण्यांचा मोर भिंतीवरून उतरवला. तिथे कसलंसं कॅलेंडर लावलं. आई महिनाभर तिच्याशी बोलली नाही. हॉल कुणाचाच कायमचा नसतो बाई, तुझाही नाही. पण माधवला सकाळी बसायला दुसरी जागा नाही.

फोटो हलवू नकोस. हार मात्र दोन्ही काढ. एकट्या माधवचा काढलास तर तुझ्या मोनिकाची भिंत पुन्हा कलेल. सुरेखा गेली हे आम्हाला ठाऊक आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला कळवायची गरज नाही. आणि तिच्याशी तोंडावर भांडायचं राहून गेलं असेल तर आता भांड. आता तरी ती ऐकून घेईल.

माधवला सांग, मेल्याची बातमी खोटी ठरली की आयुष्य वाढतं.

सुखी राहा, आमच्यावर माया असू दे.
तुझी,
आत्या

सावेडी, अहिल्यानगर
२३ डिसेंबर २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हार निघाले. यामिनीने स्वतः स्टुलावर चढून काढले आणि माझा कप हॉलमध्ये आणून ठेवला. एक उशी मला टेकायला मिळाली आहे, ती फोटो बघून परत लावावी लागत नाही. हल्ली धूळ पुसताना सूनबाई सुरेखाच्या फोटोशी काहीबाही पुटपुटतात. मी विचारत नाही.

काल मोनिकाबाई भंडारदऱ्याच्या एका बाईंना हॉल दाखवायला घेऊन आल्या. त्यांचं तिथे नवं हॉटेल होतंय. शिडीचं, पुस्तकांचं कौतुक झालं. मग त्या बाई फोटोंसमोर थांबल्या आणि मला विचारलं, की आजोबा, तुम्ही तर इथे बसलात, आजी कुठे दिसत नाहीत? अक्का, दोन वर्षांत मी हे उत्तर शंभर जणांना दिलंय. काल दोन्ही फोटोंसमोर बसून ते तोंडातून निघेना, रडू येईल असं वाटलं.

यामिनी सोफ्यावर उशा लावत होती. तिने मान वर न करता त्या बाईंना सांगितलं, "आत आहेत. त्यांना या उशा पसंत नाहीत, म्हणून बाहेर येत नाहीत."

तुझी माया अशीच राहू दे.
तुझा,
माधव