‘पाय’च्या जागी ‘जा’

प्रिय रुचिका,

रिमिक्समध्ये बीट थांबते अन् तुझा एकटीचा आवाज उरतो, तिथं तू ‘पाय’च्या जागी ‘जा’ म्हणालीस. त्या एका शब्दाशी माझं सगळं संपलं. पुण्याहून त्या रिमिक्सवाल्या अन्वयनं होकारासाठी लिंक पाठवली तेव्हा मी वाशीमच्या बाजारात मेथीच्या जुड्या उतरवत होतो. माय ओरडली, “हर्षल, भाजी काहून चुरगाळून राह्यला? गिऱ्हाईक पाहून राह्यलं ना बाप्पा!”

आपलं मूळ गाणं आठव. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं ते त्यापायीच. तू मला येडा म्हणायचीस अन् तरी दर रविवारी बस पकडून इथं शिरपूरला, आमच्या भाजीच्या गोदामावरच्या खोलीत यायचीस. फवारणीच्या पंपाचा खट्-फूस आवाज रेकॉर्ड करून मी बीट केली. त्यावर तू गायलीस, ‘मले इसरून पाय’. काय टेचात गायलीस! विसरून दाखव, जमते का तुले, असं. ओळ तशी तुझीच. बसस्टँडवर मी भांडून निघालो होतो, तेव्हा तू मागून तेच ओरडलीस अन् मी मुकाट्यानं परत फिरलो होतो.

मग अन्वयनं ते नेटवर ऐकलं, रिमिक्स करू म्हणाला. त्याच्या पहिल्या व्हिडिओत सगळीकडे पायच पाय. पैंजणवाले, चिखलातले, स्लो मोशनमधले. आपलं ‘पाय’ म्हणजे ‘पाहा’, हे त्याला कुठं ठाऊक! माझा दोस्त देवमन पोट धरून हसला. म्हणे, “पुण्यात काही पाहत नाईत काय भाऊ, नुसते चालतेत?” तू म्हणालीस, मी जाऊन समजावते, नव्यानं गाऊनही येते. मला वाटलं, तू त्या शब्दासाठी भांडशील.

‘मले इसरून जा’. अर्थच फिरला, रुचिका. आधी त्यात आव्हान होतं. आता नुसता निरोप आहे.

मी फोन लावला तो डोक्यात आग घेऊनच. पुण्याला येतो अन् त्या अन्वयचा लॅपटॉप फोडतो, असं बोललो. तू शांतपणे म्हणालीस, “त्यानं नाही, मीच बदललं. लोकांना कळायला हवं ना, हर्षल.” लोकांना. पूर्वी तू ‘लोकायले’ म्हणायचीस, अन् मला हर्ष्या. मी विचारलं, “अन् मले काय कळाव?” तू म्हणालीस, “तेच.”

कॉल कापून मी ते गाणं पुन्हा लावलं, अन् ‘जा’ आलं तसा फोन आपटला. काच तडकली, गाणं वाजतच राहिलं. त्यानंतर मला काही करता येत नाही. बीट बसवतो, तुझा आवाज यायच्या जागी पोचतो अन् तिथंच अडकतो. माय म्हणते, दुसरी गाणारी पाय. तिला काय सांगू?

हे पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. बीट माझी, म्हणून माझा होकार मिळाल्याशिवाय रिमिक्स निघत नाही. अन्वय सारखे मेसेज करतो, मी उत्तर देत नाही. वाटायचं, मी अडवून धरलंय तोवर तू निदान भांडायला तरी येशील, दोन शिव्या तरी घालशील. तू आली नाहीस. फोनही केला नाहीस. तर घे, माझा होकार. बीटखाली माझं नाव राहू दे, शब्दांखाली फक्त तुझं टाक. निरोपाचे शब्द मी लिहिले, असं कोणाला वाटायला नको. या खोलीत आता कांदे ठेवायचं ठरलंय. स्पीकर देवमन घेऊन गेला. बाबा खाली टेम्पो चालू करून हॉर्न देऊन राहिलेत, त्यांना वाटतं मी झोपलोय. हा कागद वाशीमला पोस्टात टाकायला घडी करून खिशात ठेवतो, बाहेर पडतो अन् दार ओढून घेतो.

तुझाच,
हर्षल