हलकं पेडल

५ जानेवारी २०२५, रविवार

खरी किंमत एकदा लिहून ठेवतो. अकरा महिने. डाव्या अंगठ्याचं नख. लेकीशी, श्रेयाशी, चार भांडणं — तिनं काढलेलं ड्रॉइंग मी पाचव्यांदा खोडलं तेव्हा पोरगी तीन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. इंजिनियर तीच आहे, मी नाही. पण वर्कशॉप माझं!

आज शेवटी काम उभं राहिलं. माझ्या दोस्ताची, सांडूची, नवी गिटार. वजन साडेअकरा किलो.

जुनी चोवीस किलोची. सागवान, लोखंडी सळ्या, स्कूटरच्या ब्रेकच्या केबली. तीही मीच केलेली, त्र्याण्णव साली, कंपनीत हेल्पर होतो तेव्हा. एका मासिकातला फोटो पाहून. पेडल स्टील म्हणतात हे वाचता आलं, वाजते कशी ते सांगणारं कुणी नव्हतं. आडवी ठेवायची, चार पायांवर. डाव्या हातात स्टीलचा रॉड, डाव्या पायाखाली पेडलं. पेडल दाबलं की आत तार ओढली जाते आणि सूर रडत रडत वर चढतो. सांडूनं तिच्यावर तीस वर्षं ऑर्केस्ट्रात लोकांना रडवलं. लग्नात पाठवणीला तो बसला की नवरदेवाकडची माणसंसुद्धा डोळे पुसायची.

दोन वर्षांपासून म्हणतो, पेडल जमंना आता, बद्र्या. म्हणून नवी केली. दुसरं कारण नाही.

८ जानेवारी

सांडू वर्कशॉपला आला. बसला. पेडलवर पाय ठेवला, तार छेडली, खाली वाकून पायाकडं पाहिलं आणि विचारलं, "दाबलं का रे?"

इतकं हलकं! तीस वर्षं पेडल दाबणाऱ्या माणसाला पेडल दाबलेलं कळलं नाही. यापेक्षा मोठी पावती कोण देणार? मी श्रेयाला हाक मारून दोनदा सांगितलं. सांडू हसला. मग बराच वेळ नुसता रॉड पुसत बसला. चहा घेतला नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

दोन गिटारी केल्यात, त्यातला एक नंबरचा पीस सांडूच्या घरी पोचवला, बजाजनगरला. द्वारकावहिनींनी तिळगूळ दिला.

नेताना आतली यंत्रणा हलू नये म्हणून खालून दोन लॉक बोल्ट लावलेत. सांडूला समजावून सांगितलं — वाजवायच्या आधी हे दोन सोडायचे, नाहीतर पेडल केसभरही हलत नाही. बोल्टांवर लाल रेघ ओढली होती, ती पाहून वहिनी म्हणाल्या, कुंकू कशाला लावलं लोखंडाला? वाळूजच्या कारखान्यांत आमची रीतच आहे ती. बोल्ट कसला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत रंगाची रेघ ओढायची. बोल्ट फिरला की रेघ तुटते. मग कुणी कुणाला विचारायचं काम नाही.

मी सोडून देतो म्हणालो. सांडू म्हणाला, राहू दे, मी सोडतो निवांत.

२१ जानेवारी

सांडूला फोन. "वाजवतोय ना?" — "रोज वाजवतोय."

२ फेब्रुवारी, रविवार

काय दिवस होता! श्रेयानं व्हिडिओ टाकला होता, त्यावरून चार वादक आले. नाशिकचे दोघं, पुण्याचा एक, अकोल्याचा सत्यम. वर्कशॉपमध्ये दोन नंबरचा पीस मांडला होता. एकजण बसला की उठंना. नाशिकचा एक तर बूट काढून, देवळात शिरावं तसा बसला. म्हणे पेडल उचलताना खडखड नाही, माइक जवळ ठेवता येतो. पुणेकरानं मुद्दाम गिटार टेम्पोत टाकून इथल्या पंढरपूर फाट्यापर्यंत फिरवून आणली आणि तार मिळवून पाहिली. कुठंच उतरली नव्हती. "काका, ही आठ दिवस घरी नेऊ द्या. बायको माहेरी गेलीये," असं सत्यम म्हणाला, तेव्हा नाशिकचा दुसरा म्हणाला, ती परत आली की 'गिटार का मी' एवढंच विचारंल.

फक्त एक बोचलं. जाता जाता पुणेकर म्हणाला, सगळं खरं, पण सागवानासारखी रडेल का? ॲल्युमिनियम शेवटी भांड्याचा धातू.

भांड्याचा धातू! रात्रभर तेच डोक्यात.

९ फेब्रुवारी, रविवार

सोक्षमोक्ष लावला. चौघांना परत बोलावून थेट सांडूच्या घरी नेलं. आतल्या खोलीत दोन्ही गिटारी, दाराला पडदा, आम्ही बाहेर. एकच धून दोनदा वाजवायची, एकदा जुनीवर, एकदा नवीवर. क्रम सांडूच्या मर्जीनं. आम्ही ओळखायचं.

सांडू आधी नको म्हणत होता. मी गळ घातली. म्हणालो, माझ्यासाठी एवढं कर. मग गेला आत.

पहिल्यांदा वाजली. चांगली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज — तो एकीकडून दुसरीकडं बसला, तेवढंही मी टिपलं. दुसऱ्यांदा वाजली तेव्हा बाहेर कुणी हललं नाही. तोच सूर, पण मोकळा. वर जाताना कुठं अडकत नव्हता. पुणेकरानं मान खाली घातली.

मी सगळ्यांच्या आधी बोललो. "दुसरी नवी! लेथचं बेअरिंग जाणार ते मला आठ दिवस आधी ऐकू येतं. मी करतो आणि माझे कान पास करतात. कुठल्याही यंत्रानं तपासा." चौघंही म्हणाले, दुसरीच. पडद्याआडून सांडू म्हणाला, "व्हय. दुसरी नवी."

बाहेर आला तेव्हा घामानं भिजला होता. आम्ही आत जायला निघालो तर पडदा ओढून घेतला — आत द्वारकाचा लई पसारा हाय, म्हणाला. पुणेकर त्याच्या पाया पडला, मग माझ्या.

भांड्याचा धातू म्हणे!

१६ फेब्रुवारी

त्या रविवारी पडद्यामागची धून मी फोनवर घेतली होती, ती रेकॉर्डिंग श्रेयानं टाकली. कुठून कुठून निरोप येतायत. गुवाहाटीचा एक वादक लिहितो, दुसऱ्या वेळचा सूर ऐकून मी गाडी बाजूला घेतली. सांडूला वाचून दाखवायला फोन केला. वहिनींनी उचलला. झोपलेत म्हणाल्या. दुपारी चार वाजता?

२३ फेब्रुवारी

परत फोन. परत झोपलेत.

मला राग आला. कौतुक माझं होतंय म्हणून लागलं असेल का याला? असं मनात आलं खरं. लिहायलाही लाज वाटते, पण आलं.

१ मार्च, शनिवार

सांडू दवाखान्यात. डाव्या पायात खिळा शिरला होता. चप्पल फोडून आत. दोन दिवस त्याला पत्ताच नाही. वहिनींना फरशीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कळलं. शुगर. पाय काळा पडलाय.

४ मार्च

घोट्याच्या वरून काढला.

६ मार्च

भेटलो. सांडू शुद्धीवर आहे. पांघरूण एका बाजूला सपाट. तिकडं बघायचं नाही असं ठरवून गेलो होतो आणि तिकडंच बघत राहिलो.

मग मी मूर्खासारखा गुवाहाटीचा निरोप वाचला. त्यानं डोळे मिटून ऐकला. म्हणाला, "लोकांना आवडली ना? मंग झालं, बद्र्या."

वहिनी बाहेर व्हरांड्यात आल्या. म्हणाल्या, दोन वर्षं झाली भावजी, पावलाला कायबी कळत नव्हतं. निखारा ठेवला तरी नाय. तुम्हाला सांगू नका म्हणायचे. जुनीचं पेडल तेवढं कळायचं — जड हाय ना, मांडीपर्यंत रेटा यायचा, त्यावरून वळखायचे.

मी बाकावर बसलो.

पेडल जमंना म्हणाला होता तो. जड आहे असं कधीच म्हणाला नव्हता. जड मीच धरून चाललो. मेकॅनिक माणूस — काही अडलं की वजन कमी कर, घर्षण काढ, मऊ स्प्रिंग टाक. अकरा महिने घासून घासून मी नेमकी तीच गोष्ट काढली जिच्या आधारानं तो वाजवत होता. "दाबलं का रे?" असं त्यानं विचारलं, आणि मी पोरीला हाक मारून कौतुक सांगत होतो.

९ मार्च, रविवार

दिवसभर वर्कशॉप बंद करून आत बसलो. एकच आधार आहे, तो धरून बसलोय. त्या दिवशी पडद्याआड त्यानं नवी वाजवली. पायाला कळत नसताना, नुसत्या कानानं अंदाज घेत. म्हणून तर घामानं भिजला. आणि काय वाजवली! तो सूर मी या कानांनी ऐकलाय. म्हणजे गिटार अगदीच वाया नाही गेली. त्याच्या पायानं शेवटचं जे वाजलं ते माझ्या हातचं होतं. एवढं तरी माझं आहे.

१५ मार्च, शनिवार

द्वारकावहिनींनी रिक्षातून नवी गिटार परत पाठवली. सोबत निरोप — कुणी वाजवणाऱ्याला द्या, जुनी मात्र ते देत नाहीत.

पेटीतून काढली. टेबलावर उभी करून पेडल दाबलं. हललं नाही. जोर लावला, तरी नाही.

आडवी करून खालून पाहिलं. दोन्ही बोल्टांवरची माझी लाल रेघ अखंड आहे.