तळघरातली किंकाळी

सोमवार, ३ नोव्हेंबर २००३

गॅरेज! म्हणे गॅरेज कुठाय!

न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड कंपनीचा प्रेस्टन आज कॅमेरा घेऊन दारात उभा. आमचं एकुलतं एक गाणं तो पुन्हा काढतोय. १९६६ सालचं. माझा भाऊ काझिमिर गिटारवर, शेजारचा दुदेक ड्रमवर आणि मी ऑर्गनवर. तेव्हा ते चर्चच्या जत्रेतसुद्धा खपलं नव्हतं. आता डेट्रॉइटची तंग विजारीतली पोरं तेच वाजवतात, आणि लंडनमध्ये त्यांच्यासाठी रांगा लागतात!

"पहिल्यांदा वाजवलंत ते गॅरेज दाखवा," म्हणाला.

म्हटलं, "बाबा रे, हे मिशिगन आहे. जानेवारीत गॅरेजमध्ये गिटार धरलीस तर बोटांची सालटं तारांना चिकटतील. आम्ही तळघरात वाजवायचो. आईच्या धुण्याच्या मशीनशेजारी."

त्याचं तोंड उतरलं. "तळघर म्हटलं की कसं... ओलसर वाटतं."

ओलसरच होतं!

आणि काझ? पंचावन्न वर्षांचा घोडा — समोरच्या येमेनी शेजाऱ्याकडे जाऊन त्याच्या गॅरेजपुढे उभा राहिला! हनुवटी पुढे काढून. फोटोसाठी. मी पडदा ओढून घेतला.

बुधवार, ५ नोव्हेंबर

रेकॉर्डसोबतच्या पुस्तिकेचा मजकूर आला. "काझिमिर झारेम्बाच्या छातीतून फुटलेली ती आदिम किंकाळी — पुढच्या दोन पिढ्यांनी जिची नक्कल केली..."

ती किंकाळी काझची नाही. माझीही नाही. आईची आहे!

रेकॉर्डिंगला टेपची एकच गुंडाळी होती, म्हणून आई धुणं घेऊन खाली आली तरी आम्ही थांबलो नाही. दुसरं कडवं संपलं, काझ गिटारवर तुटून पडला, आणि मागून ती किंकाळी आली. काच तडकावी तशी. वळून पाहिलं तर आई. हात ॲप्रनमध्ये गुंडाळलेला. "मशीनच्या कपडे पिळायच्या रुळांत बोट अडकलं. काही नाही. तुम्ही वाजवा." आणि जिना चढून गेली. आम्ही वाजवत राहिलो. रेकॉर्डवर तसंच गेलं. लोकांनी विचारलं, कोण ओरडलं? काझ म्हणाला — मी. आजवर तेच म्हणतोय.

कामगार युनियनच्या सभांत मी वर्षानुवर्षं हे सांगत आलेय — यंत्राशेजारी उभ्या राहिलेल्या प्रत्येक बाईची ती किंकाळी आहे. आणि छापायचं कुणाचं नाव? गिटारवाल्याचं! नाही. जेनोवेफा झारेम्बा. आईचं हेच नाव छापलं जाईल. नाहीतर मी बोलणं सोडीन.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काझशी फोनवर कडाक्याचं भांडण.

"आईला काय फरक पडतो गं? तिला धड ऐकूसुद्धा येत नाही."

"तुला पडतो ना? मग तिलाही पडेल."

"भाषण नको. मी काही तुझा युनियनचा हॉल नाहीये."

"हॉल निदान ऐकतो!"

मग त्याचा आवाज खाली आला. "प्लँटमधली नोकरी गेली. बायको गेली. बारमध्ये तरणी पोरं येऊन विचारतात, तो ओरडणारा तूच ना? बर्नी, माझ्याकडे दुसरं आहे काय?"

मी फोन ठेवला. दया आली. दया आली म्हणून जास्तच राग आला.

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रेस्टन म्हणतो, "मॅडम, लोकांना बंडखोर पोरगा हवा असतो. धुणं धुणारी आई नको असते."

घ्या!

हे काही आजचं नाही. आम्ही वाजवायचो त्याला तेव्हा नावच नव्हतं. नाचायचं संगीत, बस. शहराच्या पलीकडच्या भागातल्या काळ्या गायकांच्या रेकॉर्डी लावून लावून झिजवल्या, त्यातून शिकलो. शिकलो कसलं — उचललं! सूर त्यांचे, चुका तेवढ्या आमच्या. पुढे संगीतावर लिहिणाऱ्या कुणीतरी नाव दिलं — गॅरेज. त्या एका शब्दात काळे गायक पुसले गेले, तळघर पुसलं गेलं, तळघरात राबणारी बाई पुसली गेली. उरला कोण? गिटार घेतलेला गोरा पोरगा आणि त्याच्या बापाची मोटार! ऐंशीच्या सुमारास पोरांनी कपाळावर झुलपं सोडून हे पुन्हा उकरलं. आता तंग विजारी घालून उकरतायत. दर खेपेला म्हणतात, पुन्हा जिवंत केलं! अरे, मेलं होतं कधी? माणसं जिवंत आहेत की. स्वयंपाकघरात बसलीयेत. त्यांना विचारा!

बुधवार, १२ नोव्हेंबर

आईला ओरडून सांगितलं — तुझ्या नावासाठी भांडतेय. म्हणाली, "भांड, भांड. पण आधी कोबी आण."

रविवार, १६ नोव्हेंबर

पुस्तिका २४ तारखेला, सोमवारी सकाळी छापायला जाणार. त्याआधी शनिवारी दुपारी आमच्या पोलिश लोकांच्या हॉलमध्ये कार्यक्रम. तंग विजारीवाले आमचं गाणं वाजवणार, काझ पाहुणा. मलाही "दोन शब्द" बोलायला सांगितलंय.

दोन शब्द! यांना मी माहीत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

झालं. बोलले.

काल हॉल गच्च. विशीतली पोरं. मी माइक हातात घेतला, काझकडे पाहिलं नाही. म्हटलं, "ज्या किंकाळीसाठी तुम्ही जमलात ती कुणा पोराची मस्ती नाही. ती एका आईची मोडलेली बोटं आहेत. हातातलं रक्त पुसून ती म्हणाली, तुम्ही वाजवा. आणि आपण सगळे वाजवत राहिलो. तिच्या दुखण्यावर नाचत राहिलो. तिचं नाव कुणी विचारलं नाही. आता म्हणा — जेनोवेफा झारेम्बा!"

म्हणाले. तीनदा. पुढच्या रांगेतल्या मुली रडत होत्या.

काझनं गिटार पेटीत ठेवली आणि मागच्या दारानं निघून गेला.

प्रेस्टन धावत आला. मला वाटलं, भांडेल. डोळे चमकत होते मेल्याचे! "मॅडम, हे तर जास्त चांगलं आहे! आईची वेदना! मी मजकूर बदलतो. आजच." कालपर्यंत धुणं नको होतं, आता वेदना हवी. किळस आली. पण नाव छापलं जाईल. जिंकले मी. मग घरी येताना इतकी चिडलेली का होते?

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी मजकूर आला. छपाईला गेलाही. आईला मोठ्यानं वाचून दाखवला — चिरडलेली बोटं, रक्त, मूक सोसणं, सगळं. ऐकता ऐकता तिनं सोलायला घेतलेला बटाटा खाली ठेवला.

"कसलं रक्त?"

"तुझं, आई. बोट अडकलं होतं ना?"

"काही अडकलं नव्हतं. तुम्ही तिघं इतकी छान बोंबलत होता, मलाही ओरडावंसं वाटलं. ओरडले. मग तुम्ही वळून बघायला लागलात — चार पोरांची आई मी, लाज वाटली. म्हणून म्हटलं, बोट अडकलं."

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

मी मजकुराचा कागद उपडा ठेवला.

"छापायला गेलं का ते?"

"गेलं."

"मग राहू दे. तुला म्हणून सांगते, बर्नी — मजा आली होती."